शिट्टी न होणारं भांडं

छतावरचा डाग अजून आहे.
तुरीची डाळ, गटारीच्या आदल्या दिवशीची,
पंख्याच्या पात्यापासून ट्यूबलाइटपर्यंत उडालेली.
रंगारी म्हणाला, दोन हात मारले तरी हळद वर येते.
आम्ही एकच मारून घेतला. हळद वर आली.

कुकरचं झाकण मोरीत सापडलं.
कुंदाला काही झालं नाही,
म्हणजे भाजलं नाही कुठे;
ती बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती.
पण तेव्हापासून शेजारची शिट्टी झाली तरी
हातात असेल ते ती खाली ठेवते,
सावकाश, काचेचं असल्यासारखं.

म्हणून कॉलेज रोडवरून हे आणलं.
मातकट रंगाचं, लांबोळकं, वायर असलेलं.
बटणावर दोनच खुणा: मंद, आणि त्याहून मंद.
दुकानदार म्हणाला, आठ तास.
मी विचारलं, म्हणजे शिट्ट्या किती?
तो हसला. मी विनोद केला नव्हता.
आमच्याकडे वेळ तशीच मोजतात,
भाताला तीन, बटाट्याला चार,
छोले असतील तर विसरून जाईपर्यंत.

पहिला राजमा रविवार कारंजावरचा.
रात्रभर भिजवला, दहा मिनिटं गॅसवर खळखळ उकळला,
पुस्तिकेत ते ठळक अक्षरांत होतं.
मग टोमॅटो, चिंचेचा कोळ, काळा मसाला, मीठ,
सगळं एकदमच. आपलं काम संपलं.
संध्याकाळी रस्सा असा, की लग्नात वाढावा,
आणि त्यात गोट्या.
अप्पांनी एक दाणा दाढेखाली धरून पाहिला,
काढून ताटाच्या कडेला ठेवला,
म्हणाले, गंगेवरून वेचून आणलास काय?

दुसऱ्यांदा पहाटे लावून मी सातपूरला गेलो.
अप्पा वीज मंडळात चौतीस वर्षं.
फिरायला निघताना घरातलं एकेक बटण बंद करतात.
परत आलो तर भांडं गार,
वर फेस, आणि वास
बंद पडलेल्या बेकरीसारखा.
"लाल दिवा जळत होता," अप्पा म्हणाले,
"आणि तिथे कुणीच नव्हतं."
नव्हतंच. त्यांचं बरोबर होतं.

तिसऱ्या खेपेचं सांगत नाही.
त्यात ओवा म्हणून काय पडलं
ते अजून ठरलेलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या एस्तेर साळवे,
शरणपूरला पोरींना शिवण शिकवून निवृत्त झालेल्या,
वाटी परत द्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या,
आंबट आधी घालता? मग तो मऊ कसा होणार?
आधी शिजू द्या बिचाऱ्याला.
मग काय बोलायचं ते बोला.

जानेवारी. निफाडकडे द्राक्षबागांतून
शेकोट्या पेटतात अशी थंडी.
कुंदाने बटणाशेजारी चिठ्ठी चिकटवली:
अप्पा, हात लावू नये.
खाली अप्पांनी लिहिलं, "वाचले",
तारीख घातली, सही केली.

दिवसभर भांड्याने काही सांगितलं नाही.
दुपारी कधीतरी झाकणाला घाम आला.
मी दोनदा उचलून पाहिलं, तसं करायचं नसतं,
म्हणून अर्धा तास जास्त.

झाला एकदाचा. जरा जास्तच झाला,
सालं सुटली, निम्मे दाणे रश्शात विरले,
आता उसळ म्हणायची सोय नव्हती.
कुंदा म्हणाली, सूप म्हण, पाहुण्यांसारखं पिऊ.
वरून लसणाची फोडणी, बाजरीची भाकरी.
मीठ विसरलो होतो. मिठाची बरणी
ताटांमधून फिरत राहिली, कुणी काही बोललं नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावर शिट्टी.
कुंदाचा चमचा वाटीवरच थांबला.
मी तिच्याकडे न बघता भाकरी मोडत राहिलो.
दुसरी झाली.

"भात आहे," ती म्हणाली,
आणि चमचा खाली न ठेवता
तिसरीची वाट बघत राहिली.